वंशभेदाचे शास्त्र आणि त्याचा एक विद्यार्थी

एखादा मनुष्यसमूह जन्मतःच हीन आहे ही समजूत अडाण्यांच्या तोंडी वावरत असते आणि विद्येचा प्रकाश पडताच ती नाहीशी होते, असे आपल्याकडील सुधारकी लेखनात पुष्कळदा गृहीत धरलेले आढळते. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत युरोप-अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत, प्राध्यापकांच्या व्यासपीठावरून, कोष्टके व आकडे यांच्यासह शिकविली जात होती. ज्यांना हीन ठरविले जात होते त्यांच्यापैकीही एखादा विद्यार्थी त्या वर्गात बसलेला असे. त्याने काय करावे? शिक्षकाचे शास्त्र शिरोधार्य मानावे, की आपल्या माणसांविषयीचा आपला अनुभव खरा धरावा? हा प्रश्न आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना परका नाही. म्हणूनच डॉ. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस यांच्या विद्यार्थिदशेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1946 मध्ये ज्या अमेरिकन कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहिले, ते हेच होत.

डू बॉइस यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1868 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने नाहीशी होऊन तेव्हा दोन वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला होता. गावात कृष्णवर्णीयांची घरे थोडी होती आणि मुले एकाच शाळेत शिकत. एकदा मुलामुलींनी परस्परांना भेटकार्डे देण्याचा खेळ मांडला असता, नव्याने आलेल्या एका मुलीने त्यांचे कार्ड घेण्याचे नाकारले. आपण इतरांहून वेगळे मानले जातो हे त्या दिवशी कळले, असे त्यांनी 1903 च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात नमूद केले आहे. हा बालपणीचा डंख होय. पण डंख बसणे आणि विषाचे स्वरूप उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

1885 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे फिस्क विद्यापीठात दाखल झाले. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी यादवी युद्धानंतर स्थापन झालेली ही संस्था. तेथे वंशाच्या प्रश्नाला उघडपणे सामोरे जाऊन समता प्रतिपादिली जाई. वंशाची जन्मजात कनिष्ठता ठामपणे नाकारली जाई. उन्हाळ्याच्या सुटीत ते टेनेसीच्या खेड्यांत शिकविण्यास जात. ओंडक्यांच्या खोपटात भरणारी ती शाळा, शिकण्याची ओढ असूनही पिकांच्या कामासाठी घरी राहावी लागणारी मुले, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. 'निग्रोला बुद्धी नाही, त्याला कष्ट नकोत' या ठरीव चित्राशी हा अनुभव जुळत नव्हता. पण ते चित्र शास्त्राच्या वेषात अद्याप त्यांच्यासमोर आलेले नव्हते.

ते आले हार्वर्ड येथे. फिस्कची पदवी हार्वर्डला आपल्या तोडीची वाटत नसल्यामुळे 1888 मध्ये त्यांना पुन्हा पदवीपूर्व वर्गातच प्रवेश घ्यावा लागला. विल्यम जेम्स यांच्यासारखे तत्त्वज्ञ आणि आल्बर्ट बुशनेल हार्ट यांच्यासारखे इतिहासकार त्यांना गुरू म्हणून लाभले, आणि या गुरूंविषयी ते पुढे नेहमी आदराने बोलले. मात्र त्याच काळात उत्क्रांतिवादाचा आधार घेऊन मानववंशांची उतरंड रचली जात होती. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या 'डस्क ऑफ डॉन' या आत्मपर ग्रंथात त्यांनी एका संग्रहालयातील मांडणीची आठवण सांगितली आहे. तेथे सांगाड्यांची एक रांग उभी केली होती. एका टोकाला लहानसे माकड, दुसऱ्या टोकाला उंच, सुदृढ गोरा पुरुष, आणि निग्रो कोठे, तर चिंपांझीच्या किंचित पुढे. ही रांग पाहणारा तो तरुण स्वतः त्या रांगेतील एका सांगाड्याचा वारस ठरविला गेला होता, हे येथे विसरता कामा नये.

पुढे जे घडले ते आमच्या मते अधिक बोधक आहे. सांगाड्यांचा पुरावा डळमळू लागताच वर्गातील भर हळूच मेंदूच्या वजनाकडे व कवटीच्या आकारमानाकडे सरकला. तोही टिकेना तेव्हा 'शीर्षनिर्देशांक' पुढे आला. डोक्याची रुंदी शंभराने गुणून लांबीने भागली असता जो आकडा येतो, त्यावरून वंश ठरवावयाचा. हार्वर्डच्या उच्च वर्गात आणि त्यानंतर जर्मनीत शरीराची मापे मागे पडली व संस्कृती आणि इतिहास यांना महत्त्व आले. ज्या वंशाला इतिहास आहे तो श्रेष्ठ. इतिहास गोऱ्यांना आहे, आशियाला थोडाफार, आफ्रिकेला मुळीच नाही! मोजपट्टी दर वेळी निराळी आणि निष्कर्ष मात्र तोच. खऱ्या शास्त्रात मापावरून निष्कर्ष निघतो. येथे निष्कर्ष आधी ठरलेला होता आणि त्याला शोभेल असे माप शोधले जात होते. पुरावे खोटे ठरत असूनही सिद्धान्ताला धक्का का लागत नाही, ही शंका या विद्यार्थ्याच्या मनात याच अभ्यासातून रुजली.

अर्थात ही जाणीव एका दिवसात आली नाही. उत्क्रांतीचा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला होता. 'मागास' वंशांना पुढारलेल्यांच्या बरोबरीस येण्यास हजार वर्षे लागतील, एवढेच त्यांना मान्य नव्हते. 1897 च्या वंशविषयक निबंधातही वंश ही एक खरी वस्तू आहे असे धरूनच ते लिहितात. आपल्या गुरूंच्या भाषेतून बाहेर पडण्यास माणसाला वेळ लागतो. तथापि उलटा आरसा दाखविण्याची हातोटी मात्र त्यांना लवकर साधली होती. 1890 च्या पदवीदान समारंभात भाषणासाठी त्यांनी विषय निवडला तो दक्षिणेतील गुलामधारी राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांचा. आजवर गोऱ्यांनी निग्रोला नमुना म्हणून टेबलावर ठेवले होते. आता एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने गोऱ्या वीरपुरुषाला नमुना म्हणून तपासावयास घेतले, आणि बळाच्या जोरावर दुसऱ्याला तुडविणारी ती कसली संस्कृती, असा प्रश्न भर सभेत केला.

त्याच वर्षाच्या अखेरीची एक घटना नोंदविण्याजोगी आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेस हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी असलेल्या स्लेटर निधीचे अध्यक्ष होते. युरोपात उच्च शिक्षणासाठी पाठविण्यास योग्य असा निग्रो तरुण मिळत नाही, त्यांच्याजवळ वक्तृत्वाखेरीज विशेष गुण दिसत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. 'लायक उमेदवार मिळत नाही' हे वाक्य आपल्या वाचकांनी किती कचेऱ्यांतून ऐकले असेल! डू बॉइस यांनी आपली प्रमाणपत्रे पुढे करून अर्ज केला, नकार आल्यावर तिखट पत्र लिहिले, आणि अखेर 1892 मध्ये निम्मे अनुदान व निम्मे कर्ज या रूपाने मदत मिळवून ते बर्लिनला गेले.

बर्लिन विद्यापीठात श्मोलर आणि वाग्नर या अर्थशास्त्रज्ञांकडून ते आकडेवारीने समाज तपासण्याची शिस्त शिकले. तेथेच हाइनरिख फॉन ट्राइट्श्के या प्रख्यात इतिहासकाराच्या व्याख्यानात मिश्रवंशीय लोक हीन असतात, असे गर्जून सांगितलेले त्यांच्या कानी पडले. वक्त्याचे डोळे आपल्यावरच रोखलेले आहेत असा त्यांना भास झाला; त्या गर्दीत ट्राइट्श्के यांनी त्यांना पाहिलेही नसावे. त्याच देशात, आयझेनाख येथील कुटुंबात राहत असता, गोरी माणसे आपल्याशी माणसाप्रमाणे वागू शकतात हा अनुभवही त्यांनी प्रथमच घेतला. व्यासपीठावरील शास्त्र एक सांगत होते आणि जेवणाचे मेज दुसरेच.

याच सुमारास आपल्या देशात काय चालले होते? बंगालमधील जमाती व जाती यांवरील हर्बर्ट रिस्ले यांचे खंड 1891-92 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मोजपट्टी होती नाकाची. नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण काढावे, आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे ते सूत्र. त्याच दशकाच्या आरंभी 'लढाऊ वंश' या कल्पनेच्या आहारी गेलेल्या इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. बर्लिनमधील व्याख्यान आणि कोकणातील पेन्शनर शिपायाची भाकरी यांच्यात वरवर काही नाते दिसत नाही. पण दोहोंच्या मागे एकच विद्या उभी होती.

डू बॉइस यांना 1895 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. विषय इतिहासाचा, आफ्रिकेतून चालणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या प्रयत्नांचा. त्यानंतर 1896-97 मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी केली. गुन्हेगारी, रोगराई, बेकारी यांची मुळे रक्तात नसून भाडे, मजुरी आणि बंद दरवाजे यांत आहेत, हे त्यांनी 1899 च्या ग्रंथात दाखविले. जर्मनीत शिकलेली आकडेवारी तिच्या मालकांविरुद्ध वापरण्याचा हा प्रारंभ होय.

एक गाठ मात्र सुटलेली नव्हती. ती 1906 च्या मे महिन्यात अटलांटा विद्यापीठात सुटली. डू बॉइस तेथे प्राध्यापक होते. पदवीदानाच्या भाषणासाठी कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आले. बोआस स्वतः जर्मनीतून आलेले ज्यू. त्यांनी समोरच्या कृष्णवर्णीय पदवीधरांना सांगितले की तुमच्या पूर्वजांना लोखंड गाळण्याची कला अवगत होती, सहाराच्या दक्षिणेस त्यांनी मोठी राज्ये उभारली होती. हे ऐकून आपण इतके चकित झालो की बोलणेच सुचेना, असे डू बॉइस यांनी 1939 मध्ये लिहिले आहे. तेव्हा त्यांचे वय 38 होते. तीन विद्यापीठांत इतिहास शिकून डॉक्टर झालेल्या माणसाला आपल्या पूर्वजांचा इतिहास पहिल्याने कळला तो एका पाहुण्याच्या भाषणातून! आफ्रिकेला इतिहास नाही हे त्याला शिकविले गेले होते आणि शंकेखोर असूनही एवढे मात्र त्याने मानले होते. वर्गात जे सांगितले जाते त्याचा प्रतिवाद करता येतो. जे सांगितलेच जात नाही त्याचा प्रतिवाद करणार कसा? 1915 मध्ये त्यांनी आफ्रिकी लोकांच्या इतिहासावर 'द निग्रो' हा ग्रंथ लिहिला, आणि 27 ऑगस्ट 1963 रोजी घानामधील अक्रा येथे वयाच्या 95 व्या वर्षी त्यांचा अंत झाला तेव्हा आफ्रिकेच्या ज्ञानकोशाचे काम त्यांच्या हाती होते.

बोआस यांनी कोलंबियात जी विचारशाखा वाढविली तिच्याशी बाबासाहेबांचाही संबंध आला. अमेरिकेत येणाऱ्यांच्या व त्यांच्या मुलांच्या डोक्यांची मापे घेऊन, सुमारे 18 हजार लोकांच्या पाहणीअंती, शीर्षनिर्देशांक एका पिढीतही बदलतो असे बोआस यांनी दाखविले होते. त्यांचेच शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 9 मे 1916 रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. वय 25. जातिसंस्थेचा उलगडा वर्णावरून, म्हणजे कातडीच्या रंगावरून, करणाऱ्या युरोपीय अभ्यासकांनी आपल्याच मनातील रंगद्वेष भारतावर लादला आहे, असे त्या निबंधात त्यांनी निःशंकपणे म्हटले. डू बॉइस यांना ज्या शंकेपर्यंत पोचण्यास वर्षे लागली, ती बाबासाहेबांनी विद्यार्थी असतानाच शिक्षकांपुढे मांडली. त्यांच्या बुद्धिसामर्थ्याचा हा प्रत्यय आहेच. परंतु ज्या वर्गात ते बसले होते तो वर्गही दरम्यान बदलला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

येथे आपल्या चळवळीतील एका जुन्या प्रश्नाला स्पर्श करणे भाग आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि आर्यांच्या आक्रमणाचा युरोपीय सिद्धान्त ब्राह्मणी वर्चस्वावरच उलटविला. त्या काळी हातात असलेले शस्त्र त्यांनी वापरले, आणि ते प्रभावी ठरले. पण आर्य-अनार्य रक्ताची भाषा आजही आपल्यातील काही लेखक अंतिम सत्य म्हणून वापरतात, हे आम्हांस चिंतेचे वाटते. बाबासाहेबांनी तो मार्ग सोडला होता. पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण व तेथील परिया एकाच वंशाचे, हे त्यांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात सांगितले. 1948 च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात तर रिस्ले यांची मोजपट्टीच त्यांनी हाती घेतली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी दिलेले नाकाचे निर्देशांक प्रांतवार तपासून, मानवमिती हे शास्त्र विश्वसनीय मानायचे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी रक्तात शोधले नाही. गावाबाहेर राहणाऱ्या पराभूत, विखुरलेल्या लोकांच्या इतिहासात व बौद्ध धम्माविषयीच्या द्वेषात शोधले.

वासेट्ठ सुत्ताची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण विद्यार्थी, मनुष्य जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, हा वाद घेऊन तथागतांकडे गेले. गवत, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातीजातींच्या खुणा निरनिराळ्या असतात, तशा त्या माणसांत नाहीत, असे सांगताना तथागतांनी एकेका अवयवाचे नाव घेतले: केस, मस्तक, कान, डोळे, मुख. त्या यादीत नाकही आहे.

1946 मधील बाबासाहेबांचे पत्र या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी त्या पत्राद्वारे मागितल्या. डू बॉइस यांनी 31 जुलै 1946 रोजी उत्तर देऊन भारतातील अस्पृश्यांविषयी आपली सहानुभूती कळविली. अस्पृश्य आणि निग्रो हे एका वंशाचे, असा दावा बाबासाहेबांनी त्या पत्रात कोठेही केलेला नाही. साम्य त्यांनी दाखविले ते दोघांना दिल्या गेलेल्या स्थानाचे.