बाप दोनदा बाहेर येतो

इसवी सन 30च्या आसपासचा काळ. रोममध्ये तिबेरियस कैसराची सत्ता, गालीलात हेरोद अंतिपाची. यरुशलेमच्या वाटेवरच्या एका गावात तुम्ही गर्दीत उभे आहात. पुढे, नासरेथच्या येशूच्या पायाशी, जकातदार बसलेत. ठरल्यापेक्षा जास्त उकळून वरचं खिशात घालणारे म्हणून गाव त्यांना ओळखतं. मागे भिंतीलगत परूशी आणि शास्त्री. अंगरख्यांना गोंडे, आणि पुदिन्या-जिऱ्याचाही दशांश देवासाठी काढून ठेवण्याची शिस्त. त्यांना ढोंगी म्हणून मोकळं होऊ नका. परक्या सत्तेखाली देवाचा नियम रोजच्या जेवणापर्यंत जपणारी माणसं आहेत ती. म्हणून तर त्यांची कुरकुर जिवातून आलेली आहे: हा गुरू पाप्यांच्या पंगतीला बसतो! तुम्ही त्यांच्याच शेजारी उभे राहा.

येशू गोष्ट सांगू लागतो. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो. तुमच्या बाजूचा शास्त्री भुवया आवळतो. थोरल्याला दुप्पट, म्हणजे धाकट्याला तिसरा हिस्सा, हा मोशेचा नियम त्याला पाठ आहे. जिवंतपणी मालमत्ता हातची सोडू नये, हा जुन्या यहुदी ज्ञानी बेन सीराचा उपदेशही. हा बाप मात्र देऊन टाकतो. पोरगा दूर देशी जाऊन सगळं उधळतो, दुष्काळ पडतो, आणि डुकरं राखायची पाळी येते. डुकरांपुढच्या शेंगांवर त्याचा डोळा. यहुद्याच्या पोराने डुकरं राखावीत! गर्दीत चुळबुळ होते.

तो घरी निघतो. मला चाकर म्हणून ठेवा, एवढंच मागायचं असं घोकत येतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावतो. घरचा कर्ता म्हातारा, भरल्या गावादेखत, अंगरखा वर धरून धावतो, हे डोळ्यांपुढे आणा. लाज पोराने सोसायची होती, ती बापाने आपल्या अंगावर घेतली. गळामिठी, मुके. पोराचं घोकलेलं बोलणं चाकरीपर्यंत पोचतच नाही. उत्तम झगा, अंगठी, जोडे आणा, पोसलेलं वासरू कापा, अशी धांदल सुरू होते. पुढे बसलेल्या जकातदारांचे चेहरे पाहा. त्यांच्याविषयी देवाच्या नावाने असं कोण बोललं होतं?

येशू इथेच थांबला असता तरी गोष्ट मोठीच होती. पण थोरला अजून शेतात आहे.

तो घराजवळ येतो, वाजणं-नाचणं ऐकतो, चाकराला विचारतो, आणि आत जायचं नाकारतो. घरचाच मुलगा पाहुण्यांदेखत दाराबाहेर अडून बसतो, तेव्हा बापाचा अपमान धाकट्याने केला त्याहून कमी होत नाही. बाप पंगत सोडून पुन्हा बाहेर येतो. मला हे दुसरं येणं जास्त अवघड वाटतं. दमून-हरून परतलेल्याला जवळ घेणं एक वेळ सोपं. स्वतःला बिनचूक समजणाऱ्याची मनधरणी कोण करतो?

थोरला त्याला बाबा म्हणून हाकही मारत नाही. इतकी वर्षं राबलो, साधं करडू दिलं नाहीत, हा हिशेब मांडतो. तुमचा हा मुलगा, असं म्हणून भावाचं नातं झटकतो. वेश्यांचा उल्लेखही त्याच्याच तोंडी पहिल्यांदा येतो. त्याचा राग निराधार नाही: वाटणीनंतर उरलेलं सगळं त्याचंच व्हायचं, तेव्हा कापलेलं वासरूही त्याच्याच हिश्शातलं. बाप हिशेब खोडत नाही. त्याला बाळा म्हणतो, माझं सगळं तुझंच आहे म्हणतो, आणि धाकट्याला पुन्हा त्याचा भाऊ करतो.

गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, येशू सांगत नाही. भिंतीलगतच्या माणसांना तो हाकलतही नाही. नुकताच एका शब्बाथ दिवशी तो परूश्यांच्याच एका पुढाऱ्याच्या घरी जेवायला बसला होता.