पटावरची पैज आणि आकड्याचा खेळ

संक्रांत जवळ आली, कापसाचे वेचे बरेचसे आटोपले, की विदर्भातल्या गावांना पटाचे वेध लागतात. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचे आपल्याकडचे नाव शंकरपट. वर्धा नदीच्या पलीकडे, धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला. हलकी रेंगी, तिला जुंपलेली जोडी, वर धुरकरी आणि दोन्ही अंगांना माणसांची भिंत. जोडी सुटते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. एवढ्याशा वेळासाठी माणसे काय काय पणाला लावत आली आहेत, त्याचा इतिहास मोठा आहे.

पैज आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त म्हणजे फाशांपायी घरदार गमावलेल्या माणसाचा विलाप. महाभारतातले द्यूत तर सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या मातीशी नाते सांगणारी कथा नल-दमयंतीची. दमयंती विदर्भाची राजकन्या. परंपरा तिचे माहेर वर्धेच्या काठावरच्या कौंडिण्यपुरात मानते. नल पुष्कराशी फासे खेळला, राज्य हरला आणि अंगावरच्या वस्त्रानिशी वनात गेला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगितले. नलाने मोजून पाहिले, तर आकडा बरोबर. ही विद्या त्याने मागून घेतली, बदल्यात अश्वविद्या दिली आणि पुष्कराला एका डावात हरवून राज्य परत मिळवले.

थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज बांधणे, हीच ती विद्या. आज तिला आपण संभाव्यतेचे गणित म्हणू. शर्यतीवर पैसे लावणारा प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला नल समजत असतो. मात्र एक गोष्ट तो विसरतो. नल आणि पुष्कर समोरासमोर बसले होते. जे एकाने गमावले, ते सगळे दुसऱ्याला मिळाले. मध्ये कुणी नव्हते.

जुन्या पटावरची पैजही बरीचशी अशीच. दोन जाणकार शेतकरी आपापल्या जोडीवर बोलत. दोन्ही बैलांची चाल एकमेकांना जुळते का, वय काय, किती मजल मारून आलेत, जमीन भुसभुशीत आहे की टणक, धुरकऱ्याचा हात कसा आहे, हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले असे. हरणाऱ्याचे नुकसान होई, क्वचित भांडणही होई. पण रुपया गावातच फिरे.

चित्र पालटले ते पैजेत मध्यस्थ आला तेव्हा. १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलर नावाच्या गृहस्थाने सर्वांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत काढली. तीच पुढे टोट म्हणून जगभर गेली. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ पासून घोडे धावू लागले. तिथे १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली. इंग्लंडात चेल्टनहॅमला मार्च महिन्यात अडथळ्यांवरून उड्या मारत धावणाऱ्या घोड्यांचा चार दिवसांचा मेळाच भरतो. दिवस सणाचा असतो, गर्दी अलोट असते आणि पैजांचा पूर येतो.

या टोटचे गणित साधे आहे. समजा, एका शर्यतीवर लोकांनी मिळून एक लाख रुपये लावले. त्यातले वीस हजार कर आणि खर्चापोटी आधीच बाजूला काढले. उरले ऐंशी हजार. जिंकलेल्या घोड्यावर लोकांचे चाळीस हजार असतील, तर रुपयाला दोन रुपये मिळतील. आता, लोकांचा अंदाज बरोबर आहे असे धरू. चाळीस टक्के पैसे त्या घोड्यावर, म्हणजे शंभरात चाळीस वेळा तो जिंकणार. शंभर वेळा रुपया लावा. चाळीस वेळा दोन रुपये, म्हणजे ऐंशी परत येतील. वीस गेले. म्हणजे घोडा ओळखता येणे पुरेसे नाही. सगळ्या गर्दीपेक्षा तो इतका अधिक ओळखता आला पाहिजे, की मधली कपात भरून निघावी. अमेरिकेत ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली दाखवून दिले, की जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या घोड्यावर लोक त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. मोठ्या रकमेचा मोह गणितावर मात करतो.

वर्धा जिल्ह्याचा या इतिहासाशी आणखी एक धागा आहे, तो कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली. हिंगणघाटचा कापूस त्या नावानेच परदेशी बाजारात ओळखला जाई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. आपल्या शेतातल्या बोंडाचा भाव दूरच्या बाजारात ठरू लागला. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागू लागल्या. १९६० च्या सुमारास ते आकडे येणे थांबले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि मागोमाग रतन खत्री यांनी नवे आकडे काढण्याची सोय केली. तोच मटका.

कापूस गेला, आकडा उरला. पटावर बैल तरी पाहायला मिळत होते. इथे पाहण्यासारखे काहीच नाही. शून्य ते नऊ यांतला एक आकडा, दहा रुपयांना नव्वद. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर देऊन नव्वद मिळतात. ऋतुपर्णाची विद्या इथे निरुपयोगी आहे.

कायद्यानेही कौशल्य आणि नशीब यांत फरक केला आहे. १८६७ चा जुगारविषयक कायदा तेव्हाच्या मध्य प्रांताला, म्हणजे वर्ध्यालाही लागू होता. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली. शंकरपटाचा वाद मात्र जनावरांच्या हालाचा होता. २०१४ मध्ये बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परतला. परवाना असलेल्या मैदानावर घोड्यावरच्या पैजेला जी मुभा आहे, ती पटावरच्या पैजेला मात्र नाही.

ते बरेच आहे. कारण कोरडवाहू कास्तकार आधीच वर्षातून एकदा मोठी पैज लावतो. मृगात बियाणे मातीत टाकतो, पाऊस त्याच्या हातात नसतो, भावही नसतो. त्या डावात त्याचे ज्ञान निदान कामी येते. जमीन, वाण, पेरणीची वेळ त्याला कळते. घरी आलेला पैसा, ज्यात काहीच कळत नाही अशा दुसऱ्या डावात घालण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारावा. मी हरलो तर पैसा कुणाकडे जाणार, आणि मी जिंकलो तरी त्यातला वाटा कोण घेणार? उत्तर दोन्ही वेळा एकच येत असेल, तर जोडी कितीही चांगली असो, खिशातला हात खिशातच ठेवावा आणि पट डोळे भरून पाहावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)