कंट्रोल-सी : एका खुणेचा इतिहास



१९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सपासून चाकणच्या आजच्या मोटार कारखान्यांपर्यंत आपल्या या पट्ट्यात अनेक यंत्रे आली नि गेली. ड्राफ्ट्समनच्या बोर्डाची व टी-स्क्वेअरची जागा संगणकाने घेतली. आपला पाल्य तेथे नोकरीला जाईल तेव्हा एकाच दिवसात पत्र, हिशेबाचा तक्ता आणि नकाशा अशा तीन-चार प्रोग्रामांशी त्याची गाठ पडेल. कंट्रोल दाबून सी दाबले की नक्कल होते, हे त्याला पाठ असते. परंतु ही खूण सर्वत्र सारखी कशी झाली, हे आपण जाणता काय?

ती यंत्रात जन्मतः नव्हती. जुन्या मोठ्या संगणकांवर कंट्रोल-सी म्हणजे ‘चालू काम थांबव’ असा हुकूम होता. वर्डस्टारमध्ये तीच कळ मजकूर एक पडदा पुढे सरकवी. नक्कल करायची तर आधी कंट्रोल-के आणि मग सी! एका प्रोग्रामातला तरबेज टंकलेखक दुसऱ्यात अगदी नवशिका ठरे.

लॅरी टेस्लर या संशोधकाने झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कापणे-चिकटवणे ही पद्धत विकसित केली. पुढे तो ॲपलमध्ये गेला. तेथील १९८३ च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा ठरल्या. एक्स म्हणजे फुली, सी म्हणजे कॉपी. व्ही मात्र मुद्रितशोधकाच्या ‘येथे घाला’ या खुणेसारखा, फक्त उलटा. आयबीएमने १९८७ साली कंट्रोल-इन्सर्ट व शिफ्ट-इन्सर्ट असा निराळा नियम घातला. १९९२ च्या विंडोज ३.१ ने ॲपलचीच अक्षरे कंट्रोलला जोडली आणि तीच रूढ झाली. मजकूर मराठी असो, इंग्रजी असो वा उर्दू, कळ तीच.

तरीही जुना अर्थ मेलेला नाही. डॉसवरील ऑटोकॅडमध्ये कंट्रोल-सीने चालू आज्ञा रद्द होई. पुढे ते काम एस्केपकडे गेले. पण आजही त्याच्या बटणांमागील मॅक्रोत आरंभी दोनदा कंट्रोल-सी लिहिलेले आढळते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तर सवयीने ही कळ दाबणाऱ्याचा तासभर चाललेला प्रोग्राम क्षणात बंद पडू शकतो. तेथे नक्कल करण्यासाठी बहुधा शिफ्टही जोडीला दाबावी लागते. आणि आयबीएमची ती हरलेली जोडी? वर्डमध्ये कंट्रोल-इन्सर्ट दाबून पाहा, अजून चालते.