तेलाची गाळणी : मोटारीच्या पोटातील एक जुनी तडजोड

मुंबईच्या उत्तर वेशीवरचे दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाले. पश्चिम द्रुतगती महामार्ग इथूनच शहराबाहेर पडतो आणि महामार्ग म्हटला की गॅरेजे, टायरवाले, सुट्या भागांची दुकाने ओघाने आलीच. अशा दुकानातल्या फळीवर मुठीएवढे पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले दिसतात. हे इंजिनाचे ऑइल फिल्टर, म्हणजे तेलाच्या गाळण्या. मोटारींचे वेड असलेला एखादा विद्यार्थी शिक्षकांना हमखास विचारतो, "सर, स्पोर्ट्स कारला कोणता फिल्टर लावतात? सगळ्यात बारीक गाळणारा ना?"

उत्तर 'नाही' असे आहे. पण हे 'नाही' नीट समजून घ्यायचे तर आपल्याला दीडशे वर्षांपेक्षा जास्त मागे जावे लागते. गंमत म्हणजे ही गोष्ट मोटारीपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते पिण्याच्या पाण्यापासून.

दिजाँची कारंजी

फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम आँरी दार्सी या अभियंत्याने केले होते. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते, हे त्याने प्रयोग करून मोजले आणि १८५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचा नियम आज असा मांडता येईल : गाळणीतून जाणारा प्रवाह गाळणीच्या क्षेत्रफळाच्या आणि दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या सम प्रमाणात असतो, थराच्या जाडीच्या आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. पुढे असेही समजले की छिद्रांचा व्यास निम्मा केला, तर इतर सर्व तसेच ठेवूनही प्रवाह निम्मा होत नाही. तो जवळजवळ एक चतुर्थांश होतो. बारीक गाळण्याची किंमत ही अशी वर्गाच्या हिशेबाने मोजावी लागते. ऑइल फिल्टरचा सारा इतिहास या एका नियमाभोवती फिरतो.

धातू तेलावर तरंगतो

आता दुसरा धागा. इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, तेव्हा धातूवर धातू घासतो असे आपल्याला वाटते. १८८३ साली ब्यूशाँ टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्याने एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक जोडला, तर काटा मापनपट्टीच्या पलीकडे गेला. फिरणारी आस स्वतःच तेलाला पाचरीसारख्या फटीत ओढून घेते, तिथे प्रचंड दाब निर्माण होतो आणि त्या दाबावर आस तरंगते. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले.

तेलाचा हा थर मात्र फार पातळ असतो. काही मायक्रॉन, आणि भार वाढला की एक मायक्रॉनहूनही कमी. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) थराहून मोठा कण आत शिरला तर तो दोन्ही धातूंना एकदमच ओरखडतो. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका असते आणि ती बेअरिंगच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण. शिवाय इंजिन स्वतःच काजळी, धातूचा कीस आणि पाण्याचा अंश तेलात सोडत असते.

पहिली गाळणी आणि इंदूरची मोटार

सुरुवातीच्या मोटारींत तेलाच्या वाटेवर फार तर तारेची जाळी असे. खडा अडावा, धूळ निघून जावी, इतपतच तिचा उपयोग. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड हा कारखान्यांसाठी गाळणयंत्रे बनवणारा संशोधक होता. त्याने जॉर्ज ग्रीनहाल्घ याच्या साथीने १९२३ मध्ये मोटारीच्या तेलासाठी गाळणी तयार केली. 'शुद्ध तेल, नंतर' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून तिचे नाव ठेवले 'प्युरोलेटर'. १९२४ च्या क्रायस्लर सिक्स मोटारीवर तेलाची गाळणी बसवलेली होती.

गाळणी आली म्हणून तेल बदलण्याची कटकट संपली असे मात्र झाले नाही. याचे उत्तम उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांना वेगवान मोटारींचा शौक होता. १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेतली आणि तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतला. आठ सिलिंडरांचे ६.९ लिटरचे इंजिन, सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. या मॉडेलच्या फलकावर काही दिवे असत. गाडी धावली तसे आतले यंत्र अंतर मोजत राही आणि ७०० मैल, म्हणजे सुमारे ११०० किलोमीटर झाले की एक दिवा पेटे : इंजिनाचे तेल बदला! आजच्या साध्या पेट्रोल मोटारीत ही वेळ साधारण १०,००० किलोमीटरने येते. हा नऊपट फरक एकट्या गाळणीमुळे पडलेला नाही. तेल सुधारले, त्यात घातली जाणारी रसायने सुधारली, हवेची गाळणी सुधारली. आणि या सर्वांबरोबर तेलाची गाळणीही सुधारली.

थोडे नीट, की सगळे बेताचे?

दार्सीचा नियम आठवा. इंजिनाचे तेल दाट, पंपाचा ओघ मोठा आणि गाळणीला जागा थोडी. सगळेच तेल बारीक गाळायचे म्हटले तर बेअरिंगला ते वेळेवर पोचणार नाही. म्हणून पहिल्या पिढीने मधला मार्ग काढला. बहुतेक तेल न गाळता थेट बेअरिंगकडे पाठवायचे आणि फक्त एक लहान वाटा, साधारण दहावा भाग, बाजूच्या बारीक गाळणीतून काढून तेलाच्या टाकीत परत सोडायचा. फेऱ्यांमागून फेऱ्या होता होता सगळे तेल कधी ना कधी गाळले जाते. याला 'बायपास' पद्धत म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपवर अशीच गाळणी होती. इंजिनाशेजारी उभा डबा आणि त्याला जोडलेल्या दोन नळ्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र अँड महिंद्रने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली.

या पद्धतीतला धोका उघड आहे. आत्ताच शिरलेला खडा गाळणीकडे जाईल की बेअरिंगकडे, हे नशिबावर. महायुद्धानंतर 'फुल-फ्लो' पद्धत रुळली : पंपातून निघालेले सगळे तेल आधी गाळणीतून जाणार, मग बेअरिंगकडे. त्यासाठी गाळणी थोडी जाड छिद्रांची करावी लागली आणि क्षेत्रफळ वाढवण्यासाठी कागदाला पंख्यासारख्या चुण्या घालाव्या लागल्या. १९५० च्या दशकात गाळणी आणि डबा एकत्र असलेला, मळसूत्रावर फिरवून बसवायचा प्रकार आला. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे तो आपल्याकडे घरोघरी पोचला.

हा प्रवास एकाच घराण्यातल्या मोटारींत पाहता येतो. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात नुसती जाळी होती. त्याच धर्तीच्या इंजिनावर उभ्या राहिलेल्या पोर्शे ३५६ या स्पोर्ट्स कारमध्ये बायपास डबा आला. १९६० च्या दशकातल्या पोर्शे ९११ मध्ये सगळे तेल गाळले जाऊ लागले. वेग वाढला तशी गाळणी वाढली.

मग निवड कशी करायची?

फुल-फ्लो गाळणीत एक गोष्ट अटळ आहे. गाळणी तुंबली किंवा तेल फारच दाट असले तर बेअरिंग कोरडे पडेल. म्हणून एक झडप ठेवलेली असते. बहुधा डब्यात, काही गाड्यांत इंजिनाच्या अंगात. दाबातला फरक साधारण अर्धा ते दीड बार झाला की ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते. घाणेरडे तेल वाईट, पण तेल नसणे त्याहून वाईट, असा हा हिशेब.

आता स्पोर्ट्स कारचा विचार करू. तिचे इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेते. तेलाचा पंप इंजिनालाच जोडलेला, म्हणून ओघही वाढतो. त्यातून सकाळी गाडी सुरू करताना तेल थंड. मुंबईच्या पंचवीस अंशांतले तेल आणि तापलेल्या इंजिनातले शंभर अंशांचे तेल यांच्या दाटपणात दहा ते वीस पटींचा फरक असतो. अशा गाडीला लहान डब्यातली अतिबारीक गाळणी लावली तर झडप वारंवार उघडेल. मालकाला वाटेल तेल उत्तम गाळले जात आहे. प्रत्यक्षात ते गाळणीला वळसा घालून जात असेल. म्हणून 'किती बारीक' या प्रश्नाबरोबर 'किती क्षेत्रफळ' आणि 'झडप किती दाबाची' हेही विचारावे लागते. मळसूत्राचे माप, रबरी कड्याचा व्यास आणि गाळणी आडवी किंवा उलटी बसणार असल्यास बंद इंजिनातले तेल परत वाहू न देणारा रबरी पडदा, हे सगळे जुळले पाहिजे. उत्पादकाने सांगितलेला क्रमांक पाळा, असे म्हणतात ते यासाठी.

बारीक गाळण्याला अर्थ नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९८८ साली जनरल मोटर्समधील संशोधनात तेलात मुद्दाम धूळ मिसळून इंजिनाची झीज मोजली गेली. ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने सुमारे ७० टक्क्यांनी घटली. याउलट शर्यतीच्या काही गाड्यांत पोलादी तारेची जाड जाळी वापरतात. तिथे इंजिन थोड्या शर्यतींनंतर उघडले जातेच. ओघ महत्त्वाचा, आणि जाळीत अडकलेला कीस पाहून बेअरिंगचे दुखणेही ओळखता येते. रस्त्यावरच्या गाडीला मात्र लाखभर किलोमीटर जगायचे असते. तेव्हा खरा प्रश्न गाडी किती पळते हा नसून इंजिनाला किती जगायचे आहे, हा आहे.

बसवण्याच्या रीतीतही विज्ञान आहे. इंजिन कोमट असताना तेल सोडायचे, म्हणजे ते पातळ असते आणि गाळ घेऊन बाहेर पडते. जुना डबा काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे पाहायचे; दोन कडी एकावर एक आली की तेल फुटलेच म्हणून समजा. नव्या कड्याला तेलाचे बोट लावायचे, नाहीतर पिळताना रबर ओढले जाऊन मुरडते. कडे टेकेपर्यंत डबा हाताने फिरवायचा आणि पुढे डब्यावर सांगितले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा. पान्याने आवळू नये. रबर ठरावीक दाबलेले असतानाच उत्तम बसते. मग इंजिन सुरू करून तेलाचा दिवा काही सेकंदांत विझतो का ते पाहायचे, गळती तपासायची, इंजिन बंद करून थोडे थांबायचे आणि डिपस्टिकने पातळी बघायची.

वर्गात करण्याजोगे

दोन सारखी नरसाळी घ्या. एकात गाळणकागद नेहमीसारखा चौपदरी घडी करून, दुसऱ्यात पंख्यासारख्या चुण्या घालून ठेवा. दोन्हींत सारखाच साखरेचा पाक ओता आणि वेळ मोजा. मग पाक गरम करून पुन्हा मोजा. क्षेत्रफळ आणि श्यानता, दार्सीच्या नियमाची दोन्ही अंगे एका तासिकेत दिसतात.

दुसरा प्रयोग शिक्षकांनी हातमोजे घालून स्वतः करावा, कारण वापरलेल्या तेलात कर्करोगकारक द्रव्ये असतात. वाटीवर ठेवलेल्या गाळणकागदावर नव्या आणि वापरलेल्या तेलाचा एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवा. वापरलेल्या तेलाची काजळी कागदातून सहज पसरत जाते. तिचे कण मायक्रॉनहूनही लहान असतात आणि तेलातली रसायने त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणूनच गाळणी त्यांना पकडत नाही. तेल काळे झाले म्हणजे गाळणी निकामी झाली, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. काजळी न पसरता मध्येच गडद, कडेदार डाग बनून राहिली, तर मात्र ती रसायने संपत आली असे समजावे.

गाळलेली घाण जाते कुठे?

गाळणी घाण नष्ट करीत नाही, फक्त एका जागी गोळा करते. पुढे काय, हा प्रश्न दहिसरला जरा जास्तच लागू पडतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानातले तिचे पाणी नितळ असते. वस्तीतून जाताना ती तबेल्यांचे, कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी पोटात घेते. गटारात ओतलेले तेल शेवटी अशाच एखाद्या प्रवाहात येते. पाण्यावर त्याचा पातळ तवंग पसरतो आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायला अडथळा होतो. एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन पाणी बिघडवू शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा प्रसिद्ध अंदाज आहे. टाकून दिलेल्या डब्याच्या चुण्यांतही बरेच तेल उरते. तो निथळूनच द्यायला हवा. हा कचरा कमी व्हावा म्हणून अनेक नव्या मोटारींत आता पुन्हा नुसता कागदी गाभा बदलण्याची सोय आली आहे.

खरे तर तेल झिजत नाही, ते मळते. मळ काढून त्यापासून पुन्हा वंगण बनवता येते. आपल्याकडे वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल विकणाऱ्या उत्पादकांवरही आली आहे. पण कायदा कागदावर राहतो की गॅरेजात उतरतो, हे तेल बदलून घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नावरही अवलंबून आहे. "नवा फिल्टर कोणता लावला?" असे आपण विचारतोच. "जुने तेल कुठे गेले?" हेही विचारायला आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावे, असे आम्हाला वाटते.