स्वस्त रायफल, महाग शिकार : अमेरिकेतल्या कायोटीची गोष्ट

आजचा विषय वरवर पाहिला तर बाजारहाटाचा आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला, मेंढपाळाला किंवा साध्या पगारदार माणसाला कायोटी मारायला परवडेल अशी रायफल कुठली? पण आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत. आपला प्रश्न थोडा वेगळा : ‘परवडणारी’ हा शब्द त्या रायफलीला चिकटला कसा, आणि परवडली ती नेमकी कुणाला?

आधी प्राणी समजून घेऊ. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा लांबचा भाऊबंद, अंगाने त्याच्यापेक्षा थोडा मोठा. नाव नाहुआत्ल भाषेतलं, म्हणजे मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेतलं. वजन साधारण १० ते १५ किलो. उंदीर, ससे, फळं, मेलेलं जनावर, काहीही खातो. मेंढीचं कोकरू हाती लागलं तर तेही. इथेच भांडण सुरू होतं. छोट्या मेंढपाळाची दहा-वीस कोकरं गेली की त्याचं वर्ष बुडालं. त्याचा राग खोटा नव्हता, हे आपण सुरुवातीलाच मान्य करू.

आता हत्यार. कायोटी अंगाने बारीक आणि स्वभावाने सावध. शंभर-दोनशे मीटरच्या आत येईलच याची खात्री नाही. शेतावर प्रत्येकाकडे असायची ती छोटी .२२ रिमफायर, काडतूस अगदी स्वस्त, पण या अंतरावर तिचा जोर संपतो. दुसऱ्या टोकाला हरणाची मोठी रायफल. ती मारते, पण काडतूस महाग, धक्का जोराचा, आणि कातडीची चाळण होते. हवी होती मधली वस्तू : गोळी हलकी, वेग मात्र प्रचंड, म्हणजे ती लांबपर्यंत जवळजवळ सरळ जाईल.

१९३०च्या सुमारास .२२ हॉर्नेट आली, १९३५ साली .२२० स्विफ्ट. पण खरा बदल १९५० साली झाला. रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी .२२२ रेमिंग्टन हे काडतूस बनवलं. गोळी जेमतेम सव्वातीन ग्रॅमची, वेग सेकंदाला ९५० मीटरहून जास्त. हे काडतूस ज्या रायफलीतून बाजारात आलं, ती मॉडेल ७२२, मुद्दाम कमी खर्चात बनवलेली होती. तिचा मुख्य सांगाडा गोल दांड्यातून यंत्रावर कातून काढायचा. जुन्या लष्करी रायफलींचा सांगाडा ठोकून, खोदून, घासून घडवावा लागे. इथे ते सगळं वाचलं.

म्हणजे बघा, स्वस्ताई दुकानदाराच्या मनातून येत नाही, ती कारखान्यातून येते. १९५८ साली सॅव्हेज कंपनीची मॉडेल ११० आली. निकोलस ब्रूअर यांनी तिची नळी एका मोठ्या नटने बसवली. काडतूस नळीत किती खोल बसावं, हे माप पूर्वी कसबी कारागीर घासून-घासून जुळवायचा. आता नट फिरवला की माप जुळलं. कारागिराचा वेळ वाचला आणि किंमत उतरली. १९६७ साली रेमिंग्टनने मॉडेल ७८८ काढली. लाकूड साधं, दिसायला ओबडधोबड, पण नेम असा की आपल्याच घरातल्या महागड्या ७००ला तोडीस तोड, असा तिचा लौकिक झाला. १९८३ साली ती बंद पडली. आजही जुन्या बाजारात लोक ती शोधतात.

स्वस्ताईची दुसरी वाट युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या लष्करांनी टाकलेल्या माउझर, एन्फिल्ड, कार्कानो रायफली जहाजं भरून अमेरिकेत आल्या आणि टपालाने घरपोच मिळू लागल्या. लोक त्यांचं लाकूड कापून, वर दुर्बीण बसवून शिकारीला न्यायचे. १९६३ साली केनेडी यांची हत्या झाली ती अशाच टपालाने मागवलेल्या कार्कानोने. जाहिरातीतली तिची किंमत दुर्बिणीसकट २० डॉलरांच्या आत होती. पुढे १९६८चा कायदा आला. टपालाने रायफल मागवणं आणि लष्करी जुना माल आयात करणं, दोन्हींवर बंदी आली. स्वस्त घेणाऱ्याला आता देशी कारखान्याकडेच वळावं लागलं.

त्याच दशकात लष्कराने एम-१६ स्वीकारली. तिच्या काडतुसाचं नागरी रूप म्हणजे .२२३ रेमिंग्टन, १९६४ सालचं. लष्करासाठी कोट्यवधींनी बनणारं काडतूस साहजिकच स्वस्त पडतं. आता हिशेब नीट करा. रायफल एकदाच घ्यायची. दुर्बीणही एकदाच, आणि तिच्यावर फार काटकसर केली तर चांगल्या नळीचाही उपयोग नाही. काडतुसं मात्र सरावासाठी आयुष्यभर लागतात. म्हणून आजही बेताच्या पैशात कायोटीसाठी रायफल घेणारा बहुधा .२२३वरच येऊन थांबतो. ही निवड त्याची स्वतःची वाटते, पण तिची अर्धी बाजू व्हिएतनामच्या काळात ठरून गेली होती.

इथवर ही यंत्राची गोष्ट झाली. आता जनावराकडे परत येऊ. रायफलीहून स्वस्त एक हत्यार होतं : विष. १९३१ साली काँग्रेसने उपद्रवी प्राणी मारण्याचा कायदा केला आणि सरकारी खर्चाने सापळे, बंदुका, विष असं सगळं सुरू झालं. विषाने गरुड मेले, कुत्रे मेले, तेव्हा ओरड झाली. फेब्रुवारी १९७२मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर ते विष वापरायला बंदी केली. (त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला, हा एक योगायोग.) १९८२ साली रेगन यांनी तो आदेश मागे घेतला. मधल्या काळात फरचे भाव चढले, आणि स्वस्त रायफल घेऊन निघणाऱ्याला मेंढपाळाच्या आभाराबरोबर कातडीचे पैसेही मिळू लागले.

आणि निकाल काय? कायोटी कमी झाला का? नाही. पूर्वी तो मुख्यतः पश्चिमेकडच्या मोकळ्या माळरानावर होता. आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे, शिकागोसारख्या शहरातही आहे. लांडगे माणसाने आधीच संपवले होते, त्यामुळे त्याला जागा मोकळीच मिळाली. शिवाय जोडी मोडली की उरलेल्या माद्या वितात, पिल्लं जास्त जगतात, आणि बाहेरचे भटके रिकाम्या जागेत येऊन बसतात. कळपाला त्रास देणारा एखादा ठरावीक प्राणी नेमका टिपला तर त्या मेंढपाळाला तेवढ्या हंगामापुरता आराम मिळतो, हे खरं. पण सरसकट मारून जात आटोक्यात येते, याला शंभर वर्षांचा अनुभव साथ देत नाही.

उलट घटल्या त्या मेंढ्या. १९४२च्या सुमारास अमेरिकेत साडेपाच कोटींच्या आसपास मेंढ्या होत्या. आज जेमतेम ५० लाख आहेत. कायोटी हे त्याचं एक कारण. पण कृत्रिम धागा आला, लोकांचं मटण खाणं कमी झालं, मेंढपाळीला माणसं मिळेनात, हे सगळंही त्यात आलं. यातल्या एकावरही रायफल चालत नाही.

तर मंडळी, ‘परवडणारी रायफल’ म्हणताना आपण किमतीची चिठ्ठी बघतो. ती चिठ्ठी उतरवली कारखान्यातल्या एका नटने, युद्धाच्या भंगाराने आणि लष्कराच्या काडतुसाने. रायफल परवडली, हे निर्विवाद. ज्याच्यासाठी ती घेतली असं सांगितलं जायचं, तो छोटा मेंढपाळ मात्र तिच्यामुळे वाचला नाही. पुढच्या व्याख्यानात आपण याच माळरानावरच्या लांडग्यांकडे वळू.