एल्मोर, लॅरी
(५ ऑगस्ट १९४८ – ). अद्भुतरम्य खेळ आणि कादंबऱ्यांसाठी चित्रे काढणारे अमेरिकन चित्रकार. जन्म केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे. वेस्टर्न केंटकी विद्यापीठातून कलेची पदवी घेताच (१९७१) ते सक्तीच्या लष्करभरतीत गेले. पुढे फोर्ट नॉक्सच्या लष्करी तळावर चित्रकाराची नोकरी करत फावल्या वेळात त्यांनी ‘हेवी मेटल’सारख्या मासिकांना चित्रे दिली.

१९८१ मध्ये ते विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे टीएसआर कंपनीत रुजू झाले. फासे टाकत, पात्रांच्या भूमिका वठवत, बहुतांशी बोलूनच खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा खेळ या कंपनीचा. ड्रॅगन केवढा, गुहा किती अंधारी, हे खेळाडूंनी मनातच उभे करायचे. त्यामुळे खेळाच्या खोक्यावरचे चित्र नुसती जाहिरात राहत नसे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच ड्रॅगन येई तो त्या चित्रामुळे. १९८३ च्या लाल खोक्यावर एल्मोर यांनी खजिन्यावर ठाण मांडलेला लाल ड्रॅगन आणि त्याच्यावर तलवार उगारलेला योद्धा रंगवला. योद्ध्याची पाठ आपल्याकडे आहे, म्हणून त्याच्या जागी स्वतःला कल्पणे सोपे जाते. २०१० मध्ये नव्या आवृत्तीच्या खोक्यावर कंपनीच्या नव्या मालकांनी हेच चित्र पुन्हा छापले.

जेफ ईझली, क्लाइड कॉल्डवेल आणि कीथ पार्किन्सन हे त्यांचे टीएसआरमधले सहकारी. याच खेळावर बेतलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबरीत्रयीच्या (१९८४-८५) मुखपृष्ठांमुळे खेळ न खेळणारे वाचकही एल्मोर यांना ओळखू लागले. ‘स्नार्फक्वेस्ट’ ही त्यांची विनोदी चित्रमालिका ‘ड्रॅगन’ मासिकात येई.

१९८७ मध्ये नोकरी सोडून ते स्वतंत्रपणे काम करू लागले. अमेरिकी कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचे हक्क मालकाचे असतात; स्वतंत्र चित्रकाराला मात्र छापण्यापुरती परवानगी विकून हक्क आणि मूळ तैलचित्र स्वतःकडे ठेवता येते. अर्थात, करारात ते लिहून दिले नसतील तरच. त्या बदल्यात महिन्याचा पगार जातो. ‘शॅडोरन’ (१९८९) या खेळाचे गाजलेले मुखपृष्ठ याच काळातले. ‘सॉव्हरिन स्टोन’ या त्यांनी कल्पिलेल्या जगावर मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी कादंबऱ्या लिहिल्या.

मुखपृष्ठाच्या चित्रात वरचा भाग शीर्षकासाठी मोकळा सोडावा लागतो. एल्मोर ही अडचण आकाशावर भागवतात: थंड, स्वच्छ उजेडाचे आकाश, खाली हिमशिखरे आणि पर्णहीन झाडे. त्यांचे खरे बळ या निसर्गात आहे. माणसे त्या मानाने ताठर, फोटोसाठी उभी राहिल्यासारखी. स्त्रियांचे चेहरे एकमेकींशी फार मिळतेजुळते, आणि त्यांची चिलखते लढाईच्या उपयोगाची नाहीत, ही टीकाही रास्तच आहे. तरीही जुन्या खेळाडूंचा ओढा कमी झालेला नाही: त्यांच्या समग्र चित्रसंग्रहाचा खर्च चाहत्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर आगाऊ पैसे भरून उचलला.