मोरी, हलालखोर आणि परवानगीचा कागद

मुंबईत कुणी घरातली न्हाणी नव्यानं करायला काढली की टाइल्सच्या आधी एक प्रश्न येतो, परवानगी लागते का? सोसायटीचा सेक्रेटरी ‘लागते’ म्हणतो, कंत्राटदार ‘काही नाही लागत’ म्हणतो, आणि वॉर्ड ऑफिसच्या आसपास वावरणारा दलाल ‘लागते, पण मी बघतो’ म्हणतो. मग दोनच वाटा उरतात. कुणी पैसे मोजून मोकळं होतं, तर कुणी दार लोटून, डेब्रिजची पोती रात्री उतरवत चोरीछुपे काम उरकतं. कायद्यात नेमकं काय लिहिलंय, ते मात्र क्वचितच कुणी बघतं.

हा कायदा १८८८ चा आहे. तो घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. भिंती, उंची, रस्त्याची हद्द हे सगळं त्यात आहेच. पण मोरी आणि संडासाविषयीची कलमं वाचू लागलो की लक्षात येतं, कायद्याची खरी काळजी वेगळी होती. घरातून बाहेर पडणारं घाण पाणी जाणार कुठं आणि मैला उचलणार कोण? परवानगीच्या कागदाचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

कायद्यातला हलालखोर

मुंबई महानगरपालिका कायद्यात मालमत्ता कराचे जे भाग सांगितले होते, त्यांत एक होता ‘हलालखोर कर’. आज त्याच्या जागी मलनिस्सारण कर असा शब्द आहे. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा, संडास साफ करणारा माणूस. अरबी ‘हलाल’ आणि फारसी ‘खोर’ मिळून झालेला हा शब्द, अर्थ ‘हलालचं खाणारा’, म्हणजे कष्टाची, वैध कमाई खाणारा. अबुल फज्लनं ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलंय की सफाई करणाऱ्यांसाठी हे नाव बादशहा अकबरानं रूढ केलं. ज्यांना समाज हिणकस नावांनी हाक मारत होता, त्यांना दिलेलं हे सन्मानाचं नाव होतं. तीनशे वर्षांनी इंग्रजांनी ते कायद्यात घेतलं. तोवर नावातला सन्मान गळून पडला होता, कामाचा वास तेवढा उरला होता.

त्या काळी मुंबईतल्या बहुतेक घरांत टोपलीचे संडास होते. इमारतीच्या मागच्या बाजूनं एक उभी पोकळी खाली उतरायची, तिच्या तळाशी टोपली असायची. ती टोपली उचलायला माणूस येणार, पण तो पुढच्या दारानं यायला कुणाची तयारी नव्हती. म्हणून दोन इमारतींच्या पाठीमध्ये एक अरुंद बोळ सोडला जाई. कायद्यानं या बोळाचीही व्याख्या केली. संडास, मुतारी, नाला यांच्यापर्यंत पालिकेच्या नोकरांना पोहोचता यावं म्हणून राखलेली पट्टी म्हणजे घरगल्ली. डोंगरी, मांडवी, भेंडीबाजार, गिरगाव, कुठल्याही जुन्या इमारतीच्या मागं जाऊन पाहा, ही घरगल्ली आजही दिसते. वरून कचरा पडलेला असतो, भिंतीला पाइप लटकलेले असतात आणि सूर्य तिथं दुपारीही पोहोचत नाही.

नवीन घर बांधताना संडासाची सोय दाखवल्याशिवाय बांधकाम मान्य होऊ नये, ही अट याच काळातली. म्हणजे नकाशावर पालिकेचा अधिकारी सही करत होता तेव्हा तो घरमालकाच्या सौंदर्यदृष्टीवर सही करत नव्हता. या घराचा मैला उचलायला आमचा माणूस कुठून शिरेल, हे तो तपासत होता. त्या माणसाचं नाव मात्र नकाशावर कुठंच नव्हतं.

प्लेग आला, सरकार मोरीपर्यंत आलं

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ऑक्टोबरमध्ये पालिकेनं रुग्णांना सक्तीनं इस्पितळात हलवण्याचा आदेश काढला. शहरात घबराट पसरली आणि लोक गाव गाठू लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस आदेश सौम्य करावा लागला. पालिका आयुक्त स्नो यांच्या अहवालात त्यामागचं एक मोठं कारण दिसतं. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले, तर मुंबईत राहणंच अशक्य होईल, ही ती भीती. एरवी ज्यांना मागच्या बोळातून यायला सांगितलं जाई, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेनं सरकारी आदेश मागं घेतला गेला. शहर कुणाच्या खांद्यावर उभं आहे, हे त्या दोन-चार आठवड्यांत अधिकाऱ्यांना नीट कळलं होतं.

पुढे १८९७ मध्ये प्लेग समिती आली आणि घरझडत्या सुरू झाल्या. ज्या इमारती राहण्यास अयोग्य ठरल्या त्यांच्या भिंतींवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली जाऊ लागली. उजेड आत यावा म्हणून छपरांची कौलं काढली गेली. खोलीच्या कोपऱ्यातली ओली मोरी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत रोगाचं घर ठरली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक गेलं. घरच्यांनी विरोध केला, जमाव जमला, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. या घटनेला ‘अडाणी लोकांचा विज्ञानाला विरोध’ एवढंच म्हणून पुढं जाणं सोपं आहे. पण ज्या वस्तीला सरकारनं धड नळ आणि गटार दिलं नव्हतं, त्या वस्तीच्या घरात ते सरकार पहिल्यांदा शिरलं ते पोलीस घेऊन. परवानगी घ्यायची ती रहिवाशांनी, सरकारला मात्र उंबरा ओलांडताना कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

१८९८ मध्येच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनं हाती घेतलेल्या सुरुवातीच्या योजनांमध्ये नागपाडा होता. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते आले, हवा आली. पाडलेल्या घरांतल्या प्रत्येकाला मात्र नवीन घर मिळालं नाही, आणि शेजारच्या वस्त्यांमधली दाटी आणखी वाढली.

मोरी आत, संडास बाहेर

विसाव्या शतकातल्या चाळीनं या प्रश्नाचं आपलं उत्तर काढलं. खोलीत एका कोपऱ्यात बुटक्या कठड्याची मोरी. भांडी तिथंच, आंघोळ तिथंच, कपडेही तिथंच. संडास मात्र मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. १९२० च्या दशकात सरकारनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि संडास सामायिकच.

या रचनेचा सगळा भार बायकांवर पडला. पुरुष घराबाहेर पडेपर्यंत बाईनं आंघोळीसाठी थांबायचं, मोरीला साडीचा नाहीतर ओढणीचा पडदा लावायचा, रात्री संडासाला जायचं तर कुणाला तरी सोबत उठवायचं. मुसलमान घरांत यात आणखी एक गोष्ट होती. आमच्या फिकहच्या ग्रंथांची सुरुवात बहुधा तहारतच्या प्रकरणानं होते. वजू, गुस्ल, पाण्याची शुद्धता हे सगळं नमाजच्या आधी येतं. पहाटे फज्रच्या आधी, घरची माणसं झोपलेली असताना चार फुटांच्या मोरीत आवाज न करता गुस्ल उरकणाऱ्या बाईसाठी बंद दाराचं न्हाणीघर ही चैन नव्हती. तो तिच्या इबादतीचा आणि आब राखण्याचा प्रश्न होता.

मग भिंत का उभी राहिली नाही? जागा नव्हती हे खरं. पण कायद्याचीही एक गाठ होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली, भाडेकरूला आसरा मिळाला. त्याच कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय ‘कायमस्वरूपी बांधकाम’ केलं तर घर खाली करून घेण्याचा अधिकार मालकाला होता. मोरीभोवती विटांची भिंत घालणं हे कायमस्वरूपी बांधकाम की साधी सोय? असे वाद कोर्टांत वर्षानुवर्षं चालले. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यात कोणती कामं कायमस्वरूपी मानू नयेत याची यादी आली. तीत लाकडी पार्टिशन आहे, स्वयंपाकाचा ओटा आहे, फॉल्स सीलिंग आहे, एअर कंडिशनरसुद्धा आहे. न्हाणीघर नाही. यादी करणाऱ्यांना थंड हवा आठवली, मोरीचा पडदा आठवला नाही.

नापसंतीच्या नावाखाली मंजुरी

मुंबईत बांधकामाच्या मंजुरीचं जे पहिलं पत्र मिळतं त्याचं नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, बिल्डरांच्या भाषेत आयओडी. शब्दशः अर्थ, नापसंतीची सूचना. म्हणजे पालिका सांगते की तुमचा प्रस्ताव आम्हाला मान्य नाही, मात्र पुढील अटी पुऱ्या केल्यास हरकत राहणार नाही. ही १८८८ च्या कायद्यातल्या कलम ३४६ ची देणगी. आयुक्तानं तीस दिवसांत नापसंती कळवली नाही तर अर्जदाराला कायद्याच्या चौकटीत राहून काम सुरू करता येतं, अशी तरतूद त्याला जोडूनच आहे. कायद्याचा मूळ कल असा होता की घर माणसाचं आहे, पालिकेनं हरकत असेल तर वेळेत सांगावी. शंभर-सव्वाशे वर्षांत हा कल पार उलटला. आता माणूस हात जोडून उभा असतो आणि फाइल हलत नाही.

घरातल्या दुरुस्तीसाठी महत्त्वाचं आहे ते कलम ३४२. इमारतीत वाढ किंवा मोठा बदल करायचा असेल तर आयुक्तांना नोटीस द्यावी लागते, असं ते म्हणतं. पण त्याच कलमात ‘टेनंटेबल रिपेअर्स’, म्हणजे राहण्याजोगं ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्या, यातून वगळल्या आहेत आणि त्यांची यादी दिली आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास, न्हाणी आणि धुण्याच्या जागेची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ आणि इतर फिटिंग बदलणं हे सगळं त्यात आहे. याला परवानगी लागत नाही. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ४३ सुद्धा, केवळ घराच्या आतल्या भागापुरत्या आणि बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामांना परवानगीतून सूट देतं.

मग परवानगी कुठं लागते? तेही कलम ३४२ स्पष्ट सांगतं. घराची लांबी, रुंदी, उंची बदलली, भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळई काढली वा बदलली, जमीन खाली घेतली, पोटमाळा वाढवला, तर ती साधी दुरुस्ती राहत नाही. न्हाणी जुन्या जागेवरून उचलून बेडरूमच्या कोपऱ्यात नेणं हेही साध्या दुरुस्तीत बसवता येत नाही. न्हाणी किंवा संडास दुसऱ्याच्या न्हाणी-संडासाच्या वर-खाली नसेल तर त्याची जमीन पाणी न झिरपणारी हवी, असा विकास नियमावलीतला दंडक आहे. विनापरवाना कामावर पालिका कलम ३५४अ खाली काम थांबवण्याची आणि ३५१ खाली खुलासा मागणारी नोटीस काढू शकते. मालकाची किंवा सोसायटीची संमती हा वेगळा विषय. पालिकेनं सूट दिली म्हणून ती आपोआप मिळत नाही.

हा फरक माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. नुसत्या टाइल्स बदलणाऱ्या विधवा बाईला ‘नोटीस येईल’ म्हणून घाबरवून पैसे काढले जातात. आणि खांब तोडणाऱ्याला वाटतं, घर माझं आहे, मला कोण विचारणार? २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावर चहा घेत बसलेल्यांनी कुठलाच अर्ज भरलेला नव्हता, तरी त्या कामाची किंमत त्यांनी दिली. परवानगी नावाच्या गोष्टीचं समर्थन करायचं असेल तर ते इथं आहे. आपल्या भिंतीवर शेजाऱ्याचं आयुष्य टेकलेलं असतं.

खालचा माणूस

इतिहासातून कागदाकडे पाहिलं की त्यात तीन माणसं दिसतात. एक घरात राहणारा, दुसरा खालच्या मजल्यावरचा शेजारी, आणि तिसरा या सगळ्यांच्या खाली, गटारात उतरणारा. पहिल्याला कायद्यानं बरीच मोकळीक दिली. दुसऱ्यासाठी जलरोधक जमीन आणि खांबांचे नियम केले. तिसऱ्याचं काय? टोपली गेली, नळकांडी आली, कराचं नाव बदललं. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी हातानं मैला उचलायला लावण्यावर बंदी घातली. तरी गटारांत माणसं मरत राहिली. गटारातल्या प्रत्येक मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागला, यातच बंदीचं काय झालं ते कळतं.

तेव्हा न्हाणी नवी करताना कलम ३४२ ची यादी स्वतः वाचावी. यादीतलं काम असेल तर दलालाला एक रुपयाही देऊ नये, आणि खांबाला किंवा भिंतीला हात लागणार असेल तर इंजिनिअर आणि परवानगी याशिवाय हातोडा उचलू नये. सांडपाण्याचा पाइप पावसाच्या पाण्याच्या नळीला किंवा घरगल्लीत सोडून देणाऱ्या प्लंबरला घरातूनच परत पाठवावं. कारण ती गल्ली तुंबली की तिथं उतरायला आजही एक माणूस बोलावला जातो. अकबरानं त्याला दिलेलं नाव चांगलंच होतं. त्या नावाला साजेशी वागणूक त्याला ना बादशाहीत मिळाली, ना इंग्रजीत, ना आपल्या मोहल्ल्यांत.